ठाण्यातली ओटी

आमच्या भागातल्या एका पोलीस ठाण्यात दर शनिवारी नारळ आणले जायचे. मुद्देमाल म्हणून नव्हे, ओटीसाठी. नवऱ्याच्या जाचाची तक्रार घेऊन बाई यायची. मग नवऱ्याला बोलावून घ्यायचं, दोघांची समजूत घालायची, सह्या घ्यायच्या, आणि शेवटी महिला पोलिसानं त्या बाईची ओटी भरून तिला ठाण्यातूनच सासरी रवाना करायचं, अशी तिथली पद्धत होती. नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि एक खण. त्यानंतर फोटो. ठाण्याचं नाव सांगत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ठाणी बरीच आहेत, वाचणाऱ्यानं कुठलंही धरावं.

ही पद्धत कुणा दुष्ट माणसानं काढलेली नव्हती, हेही आधीच सांगून टाकते. तिथले साहेब भले गृहस्थ होते. बाईमाणसाशी एकेरीत बोलायचे ते थोरल्या भावासारखं, दरडावून नव्हे. लेकी रडत येतात आणि हसत जातात, याचं त्यांना मनापासून समाधान वाटायचं. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. या साहेबांसमोर बसलं की आपलंच गाऱ्हाणं आपल्याला हट्टी वाटायला लागायचं.

मी बारामतीत एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. तेव्हाही शिकवत होते. माझा नवरा हात उचलायचा आणि मग मोठ्या प्रेमानं मलम लावायचा. मला मलमाचा राग जास्त यायचा. शेवटी मी शेळगावच्या बाजूला माहेरी निघून आले आणि माहेराला जे ठाणं लागतं तिथं तक्रार द्यायला गेले. सोबत माझे वडील होते. त्यांनी धोतर बदललं होतं, टोपी परीटघडीची घातली होती. लग्न ठरवायला जाताना घालतात तशी.

समजूत घालायची खोली ठाण्याच्या मागच्या अंगाला होती. आतला पंखा बंद पडलेला, म्हणून दार सताड उघडं. बाहेर व्हरांड्यात बाक. त्यामुळं आत एकाचा संसार चालू असायचा आणि बाहेर बाकीच्यांना तो फुकटात ऐकायला मिळायचा. आत गेलेल्या प्रत्येक बाईला साहेबांचा पहिला प्रश्न एकच असायचा, ‘‘काय गं, कुठं बिनसलं तुमचं?’’ मला तो प्रश्न तेव्हाच खटकला होता. चोरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला, तुझं आणि चोराचं कुठं बिनसलं, असं कुणी विचारत नाही.

माझ्या शेजारी बाकावर ती बसली होती. वयानं माझ्याहून बरीच लहान. तिच्या माहेरची माणसं एकेकाळी मेंढरं राखायची, आता थोडी शेती आणि भाऊ ट्रॅक्टरवर. सासर भवानीनगरकडं. नवऱ्याचा मालवाहू टेम्पो होता. एवढं तिनं आपणहून सांगितलं. मग माझ्या पर्सकडं बघून म्हणाली, ‘‘ताई, तुमी नोकरीला हाय व्हय? मंग तुमाला बी मारतोय?’’ मी हो म्हणाले; कॉलेजात शिकवते, हेही सांगितलं. तिला नवल वाटलं, आणि मला वाटतं, थोडा धीरही आला.

तिची पाळी माझ्या आधी होती. तिचा नवरा समोरच्या टपरीवरून आत आला. धिप्पाड वगैरे काही नव्हता. किरकोळ, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मऊ. साहेबांनी कुठं बिनसलं ते विचारल्यावर त्यानं सरळ वाकून पाय धरले. ‘‘चुकलं साहेब. पुन्यांदा न्हाय व्हनार.’’ साहेब विरघळले.

मग तिचा आवाज आला. ती रडत नव्हती. बाजारातून काय आणायचं ते सांगावं, तशी बोलली. ‘‘साहेब, मला धाडू नगा. त्यो म्हनलाय, तक्रार केल्यावर घरात आलीस तर जित्ती ठेवत न्हाय.’’

‘‘रागाच्या भरात माणूस बोलतो गं,’’ साहेब म्हणाले. ‘‘आता माझ्यासमोर त्यानं कबूल केलंय ना? आजपासून हे ठाणं तुझं माहेर. काही झालं तर मला एक फोन लाव.’’

‘‘फोन त्येच्याजवळ असतोय.’’

साहेब हसले. ‘‘दे रे तिचा फोन तिला.’’

त्यानं खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. महिला पोलीस बाईंनी तिची ओटी भरली, कुंकू लावलं. तिच्या पदरातला नारळ नीट दिसावा म्हणून फोटो काढणाऱ्यानं तिला थोडं तिरकं उभं केलं. मग दोघं व्हरांड्यातून माझ्या समोरून गेली. फाटकाच्या बाहेर पडल्या पडल्या त्यानं मागं न बघता नुसता हात मागं केला, आणि तिनं फोन त्या हातावर ठेवला. झालं. टेम्पो चालू झाला आणि ती दोघं गेली.

मी उठून आत गेले आणि पोलीस बाईंना सांगितलं की त्यानं फोन परत काढून घेतला. त्या तांदळाच्या पिशवीचं तोंड बांधत होत्या. म्हणाल्या, ‘‘मॅडम, नवरा-बायकोचा फोन. कुणाजवळ का असंना. तुमचा नंबर आलाय, बसा.’’

माझा नवरा आला होता. त्यानंही चुकलं म्हटलं, माझ्याहून शुद्ध मराठीत. ओटीचं ताट पुढं आलं तेव्हा मी पदर पुढं केला नाही. मला ओटी नको, माझी तक्रार लिहून घ्या, म्हणाले. वडील मान खाली घालून बसले होते. तक्रार लिहून घेतली, पण सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. परतताना एसटीत वडील म्हणाले, ‘‘वटी तरी भरून घ्यायची. नगं म्हनू नये कदी. त्येच्यावर काय जायला लागतंच असं न्हाय.’’ त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या लेखी ओटी नाकारणं हे नवरा नाकारण्याहून मोठं होतं. पुढं माझा काडीमोड झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तिच्या ओटीचा फोटो आषाढातल्या त्या आठवड्यात स्थानिक पेपरात आला होता. ‘मोडता संसार सावरला’ असं वर लिहिलेलं. मी तो वाचून बाजूला ठेवला.

ऊसतोडी जोरात होत्या, संक्रांत जवळ आली होती, तेव्हा तोच फोटो पेपरात पुन्हा आला. तेच कुंकू, तोच नारळ, तीच तिरकी मान. घाईत नजर गेली आणि मला वाटलं, कसल्या तरी सत्काराची बातमी असेल. मग मथळा वाचला. पेपरवाल्यांना तिचा दुसरा फोटो मिळाला नव्हता. तिच्या घरीही नसावा. न्हाणीत पाय घसरून पडली, असं नवऱ्यानं दवाखान्यात सांगितलं होतं. डॉक्टरांनी गळ्यावरच्या खुणा बघून पोलिसांना कळवलं. न्हाणीत पडून गळ्यावर बोटं उमटत नाहीत. ती मेली होती, आणि मारणार हे तिनं सरकारच्या माणसाला सरकारी खोलीत आधीच सांगितलं होतं. त्या दिवशी मी वर्गात मान्सूनच्या शाखा शिकवल्या. मुलांना काही कळलं नाही. दुपारी स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला संताप आला होता. तो कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. नवऱ्यावर काढायला पोलीस होते. पोलिसांवर काढायला कोण होतं?

काही दिवसांनी तिची आई आमच्या घरी आली. कुणाकडून तरी पत्ता काढला होता. ठेंगणी बाई, डोक्यावरून पदर, पायात पुरुषी चपला. अंगणात उभी राहूनच वडिलांना म्हणाली, ‘‘आबा, तुमची लेक त्या दिशी बाकड्यावर हुती. पोरगी एकदा शेजारनीच्या फोनवरनं म्हनली हुती, साहेबाला समदं सांगितलं, बाकड्यावर एक मास्तरीण भेटली म्हनून. तिला कोर्टात यायला सांगा.’’

वडिलांनी तिला चहा दिला. ‘‘बाई, पोलिसाच्या वाटंला आमी कशाला जायाचं? आमचं बी परकरन चालू हाय.’’

‘‘मी पोलिसाच्या वाटंला जा म्हनत न्हाय. तिनं काय आयकलं, एवडंच सांगू द्या. त्या खोलीत हुती ती समदी म्हनत्यात, पोरगी तसं काय बोललीच न्हाय. खुशीनं गेली म्हनत्यात. फोटूत हसतीय म्हनत्यात.’’

ती फोटोत हसत नव्हती. फोटो काढणाऱ्यानं तसं सांगितलं म्हणून तिनं ओठ थोडे हलवले होते. पण मुद्दा तेवढ्यावर येऊन अडला होता. खोलीतल्या माणसांना ते शब्द आठवत नव्हते. ते आठवले तर साहेबांना विचारणा झाली असती, आणि साहेब भले होते. आई जाताना मला म्हणाली, ‘‘त्येला सजा व्हईल तवा व्हईल. पर माझी पोरगी सांगून मेलीय. न सांगता मेली असं कुनी म्हनाया नगं.’’ तिला एवढंच हवं होतं. मी येते म्हणाले.

खटला उभा राहायला वर्षं गेली. तोवर साहेबांची बदली झाली, पोलीस बाई निवृत्त झाल्या. आईनं वरच्या कचेरीत अर्ज केला होता, त्याला उत्तर आलं की समझोता दोन्ही पक्षांच्या राजीखुशीनं झाला होता, सबब कुणाचा हलगर्जीपणा दिसून येत नाही. ते मीच तिला वाचून दाखवलं. ‘राजीखुशी’ हा शब्द तिनं दोनदा वाचायला लावला.

बारामतीच्या कोर्टात साक्षीच्या आधी सरकारी वकिलांनी मला बाजूला घेतलं. हुशार माणूस, तळमळीचाही. ‘‘मॅडम, ती मला धाडू नका म्हणाली, तेवढं सांगा. फोनचं आणि पोलीस बाईंचं काढू नका. आपला आरोपी नवरा आहे. पोलीस आपले साक्षीदार आहेत. आपणच त्यांना नालायक ठरवलं तर पुढं त्यांच्या तपासावर कोण विश्वास ठेवील?’’ त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला तर ते पटलंही. शिक्षा व्हायला हवी असेल तर चूक लपवायला हवी, असा तो हिशोब होता, आणि तो मांडणारा माणूस आमच्याच बाजूचा होता. बाहेर बाकावर आई बसली होती. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, ‘‘इचारलं तर सांगशीला का न्हाय?’’ विचारलं तर सांगेन, म्हणाले.

सरकारी वकिलांनी विचारलं तेवढं मी सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. त्यांना मला खोटी पाडायचं होतं. नवऱ्याशी भांडण असलेली बाई, तिला सगळेच नवरे खुनी दिसतात, असा त्यांचा रोख होता. माझ्या काडीमोडाचं झालं, मी ओटी नाकारल्याचं झालं. कोर्टात दोघं-तिघं हसले. मग ते जरा पुढं झुकून म्हणाले, ‘‘बाई, मरणाच्या भीतीनं कुणी असं बोललेलं तुम्ही ऐकलंत. ती तुमच्या डोळ्यांसमोर नवऱ्याबरोबर गेली. आणि एवढं सगळं तुम्ही पोटात ठेवून घरी गेलात? कुणाला एका शब्दानं सांगितलं नाहीत?’’

त्यांची खात्री होती की मी गप्प राहीन. आमच्याकडं बाई अशा जागी गप्पच राहते.

‘‘सांगितलं,’’ मी म्हणाले. ‘‘तिथंच. फाटकाबाहेर त्यानं फोन काढून घेतला हे बघून मी आत गेले आणि पोलीस बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, नवरा-बायकोचा फोन, कुणाजवळ का असंना.’’

ते वकील खाली बसले. सरकारी वकील समोरचे कागद उगाच चाळत राहिले. न्यायाधीशांनी माझं उत्तर शब्दन् शब्द लिहून घ्यायला सांगितलं. मागच्या बाकावर आईनं पदर तोंडाला लावला होता.

नवऱ्याला जन्मठेप झाली. सरकारी वकिलांची भीती खरी ठरली नाही. डॉक्टरांच्या साक्षीपुढं पोलिसांच्या अब्रूचा फरक पडला नाही. ठाण्याबद्दल निकालात दोन ओळी आल्या: मयतेनं भीती बोलून दाखवली होती आणि ती गांभीर्यानं घेतली गेली नाही. त्या ओळींचं पुढं कुणी काय करायचं, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. पण आईनं त्या मला पुन्हा पुन्हा वाचायला लावल्या. ‘‘म्हंजी सांगितलं हुतं, असं ल्हिवलंय न्हवं?’’ हो, म्हणाले.

मला वाटलं, तिचं काम झालं. तर पुढच्या शनिवारी तिचा फोन. ‘‘मास्तरीणबाई, जरा ठान्यात चला माझ्यासंगं.’’

खोलीतला पंखा आता सुरू होता. भिंतींना नवा रंग. साहेब नवे, तरुण. पोलीस बाई नवीन. टेबलावर ताट मात्र तेच होतं: नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण. एक पोरसवदा बाई खुर्चीत पदर पसरून बसली होती आणि तिचा नवरा दारात उभा होता. तिचं ठरलं होतं, सह्या झाल्या होत्या.

आईनं पिशवीतून एक खण काढला. हिरवा, न शिवलेला, घडीवर पिवळा पडलेला. तो टेबलावर ठेवून म्हणाली, ‘‘साहेब, ही तुमची वटी. माझ्या लेकीची. शिवायला सवड मिळाली न्हाय तिला.’’

निकालाच्या बातमीवरून साहेबांनी ओळखलं असावं. ते उठून उभे राहिले, तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

‘‘मी भांडाया आली न्हाय. तुमी वटी भरताय, भरा. पर आमच्यात वटी भरून लेक धाडली का पंचमीला मुराळी जातो. भाऊ आसंल, चुलता आसंल, कुनी तरी घरचं मानूस तिला आनाया जातंच. सासरच्यानं न्हाय धाडली, तर उंबऱ्यावर बसून का हुईना, डोळ्यानं बघून येतं. माझ्या लेकीला तुमी म्हनला, हे तुजं म्हायेर. मी म्हनलं, सरकार म्हायेर झालंय, आता आपुन मधी पडाया नगं. माझ्या ल्योकाला मी जाऊ दिलं न्हाय. तुमचा मुराळी जाईल म्हनून आमी वाट बगितली.’’ तिनं खुर्चीतल्या पोरीकडं हात केला. ‘‘ह्या पोरीकडं तुमचा मुराळी कवा जानार हाय, तेवडं सांगा.’’

साहेबांना वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘मावशी, समझोता झाल्यावर घरी जाऊन बघायची आपल्याकडं तशी काही तरतूद नाही. माणसंही नाहीत तेवढी. तिनं फोन केला, तर आम्ही लगेच निघतो.’’

आईनं माझ्याकडं बघितलं. मग खण उचलून पुन्हा पिशवीत घातला, आणि खुर्चीतल्या त्या पोरीला विचारलं, ‘‘कुठलं गाव गं तुजं, बाय?’’ तिनं सांगितलं. नवऱ्यानं दारातून वळून बघितलं.

ती पोरगी गेली. नारळ घेऊन, कुंकू लावून गेली. फोटो मात्र त्या दिवशी कुणी काढला नाही.

पंचमीच्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं त्या गावी गेलो. वस्ती रस्त्यापासून आत होती, दोन्हीकडं ऊस डोक्याच्या वर गेलेला. मला भीती वाटत होती. आपण कोण, कशाला आलो, काय अधिकार, असे सगळे शिकलेल्या माणसाचे प्रश्न मला वाटेत पडले. आईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत लाह्या घेतल्या होत्या.

दारात तोच नवरा उभा राहिला. त्यानं ओळखलं नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं. ‘‘कोन तुमी? काय काम हाय?’’

आई पायरी चढली, चपला काढल्या आणि उंबऱ्यावर बसली.

‘‘पोलीस ठान्यातनं आलोया,’’ ती म्हणाली. ‘‘आमच्या लेकीची वटी भरून धाडलीया आमी. मी मुराळी. तिला भाईर बोलीव.’’

तो बाजूला झाला आणि आत तोंड करून त्यानं हाक मारली. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आईनं तांब्या खाली ठेवायला लावला, तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितले, मग हनुवटी धरून मान उजेडाकडं वळवली आणि गळा बघितला.